पावसाळ्याआधी लाकडी धनुष्याला काय लावू? लाख, बेलतेल की पीयू?

धामणवेडा (धागाकर्ता)

मंडळी, धनुष्य तयार झालं. आता वर काय लावायचं ते ठरत नाही, तिथेच घोडं अडलंय.

माहिती एकदाच देऊन टाकतो, म्हणजे उलटतपासणी टळेल. लाकूड धामण, अखंड एका फळीतलं, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरचं. सावलीत नीट वाळवलेलं. लांबी ६६ इंच, २८ इंचांवर खेच ३८ पौंड. टिलरिंग (दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत तासणं) संपलं, भरपूर बाण मारून झाले, सेट (दोरी उतरवल्यावरही उरणारा वाक) इंचाच्या आत आहे. पाठीवर (खेचणाऱ्यापासून लांबच्या बाजूला) कातडं, कापड काही चिकटवलेलं नाही, झाडाच्या वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत सांभाळलंय. मुठीला चामडं शेवटी. राहायला चिपळूण, म्हणजे जून लागला की भिंतींनाही घाम फुटतो.

सुतार म्हणाला मेलामाइन (फर्निचरचं कडक पॉलिश) मारा, काचेसारखं होईल. हार्डवेअरच्या दुकानात पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) सांगितलं. घरच्या मोठ्या माणसांचं म्हणणं, बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) पाज आणि गप्प बस. इंग्रजी व्हिडिओंत तर दर माणशी एक मत. मला चकाकी नको, डाग-रंग नको. पावसाळ्याचे चार महिने धनुष्य धड राहावं एवढंच हवं. काय लावू?

रंगारी

आधी मेलामाइन बाद करा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरही बाद. सुतार चूक बोलला नाही, तो टेबलाचा विचार करून बोलला. टेबल वाकत नाही. धनुष्य पूर्ण खेचलं की पाठीचे तंतू शेकडा पाऊण ते एक इतके ताणले जातात आणि पोटाचे (खेचणाऱ्याकडच्या बाजूचे) तेवढेच दाबले जातात. कडक थर हे फार दिवस सोसत नाही, त्यावर आडव्या बारीक रेघा येतात.

रेघ आली की खरा घोळ पुढे. ती पॉलिशची रेघ की लाकडाची? पोटावर लाकडाचे तंतू चिरडले की अगदी तशाच आडव्या सुरकुत्या दिसतात. फरक बघायला तेवढ्याच जागचा थर ब्लेडने खरवडा आणि भिंग धरा. रेघ थरासोबत गेली तर निर्धास्त. लाकडात उरली तर दोरी उतरवा आणि पुन्हा टिलरिंगचा विचार करा.

माझं मत टू-पॅक पीयू (हार्डनर मिसळून लावायचा), मॅट, फवाऱ्याच्या गनने. लवचीक असतो आणि पाण्याला दाद देत नाही. दोन हात पुरे.

चेंडूफळी

अहो इतकं कशाला? बॅटला लावतो तसं अळशीचं तेल लावा. आम्ही शाळेत असताना नवी बॅट आली की तेल पाजून आडवी ठेवायचो. विलो काय, धामण काय, लाकूडच ना!

प्रयोगवही

चेंडूफळी, बॅटला तेल लावायचं कारणच वेगळं. विलो फार कोरडी झाली की चेंडूच्या माराने तडकते. तेलाने वरचे तंतू थोडे मऊ राहतात, मार सोसतात. धनुष्याला नेमकं उलटं हवं. लाकूड बेताचं कोरडं आणि ताठ हवं.

धामणवेडा, काय लावायचं याच्या आधी कशासाठी लावायचं ते बघू. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

लाकूड हवेतली वाफ घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता पन्नास टक्के असेल तर लाकडातलं पाणी हळूहळू ९ टक्क्यांपाशी स्थिरावतं. ६५ ला १२, ८० ला साधारण १६, आणि नव्वदीत वीसपर्यंत जातं. उलट नागपूरच्या मे महिन्यात दुपारची हवा विशी-तिशीत असते, तिथे लाकूड पाच-सहा टक्क्यांवर येतं. धनुष्याला आठ ते दहा टक्के मानवतं. सहाच्या खाली गेलं की ठिसूळ होतं, जोरात खेचल्यावर मोडू शकतं. बाराच्या वर गेलं की पोट दबायला लागतं.

किती दबतं? लाकडातलं पाणी एका टक्क्याने वाढलं की दाब सोसायची ताकद साधारण पाच-सहा टक्क्यांनी घटते. म्हणजे मेमध्ये ९ टक्क्यांवर असलेलं तुमचं धनुष्य जुलैअखेर १५ वर गेलं, तर पोटाची ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी. तशा अवस्थेत २८ इंच खेचलं की सेट वाढतो. पुढे लाकूड वाळलं तरी तो पूर्ण परत जात नाही. पावसाळ्यात धनुष्य मरतं ते असं. भिजून नव्हे. भिजलेलं आपण पुसतो. वाफ दिसत नाही, म्हणून पुसली जात नाही.

तेव्हा प्रश्न ‘पाणी कोण अडवतं’ हा नाही, ‘वाफ कोण अडवतं’ हा आहे. या दोन परीक्षांचे निकाल वेगळे लागतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला सरकारी लाकूड-प्रयोगशाळा आहे. तिथे निरनिराळे लेप लावलेले लाकडाचे तुकडे दमट हवेत ठेवून वजनं घेतली होती. जवसाचं तेल जवळपास तळाला. वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवलेले तुकडे सगळ्यांत वर. लाख वाफेला चांगली, उघड्या पाण्याला कच्ची. पीयू, व्हार्निश मधे, आणि तेही किती हात मारले त्यावर. एक हात म्हणजे जवळपास शून्य, तीन हात झाल्यावर खरा फरक.

आणि पूर्ण अडवणारं कुणीच नाही. लेप फक्त उशीर करतो. पावसाची एक सर, दमट आठवडा, मैदानावरचा एक दिवस, एवढं निभावतं. चिपळूणचे चार महिने नाही. त्यामुळे मी लेपावर जितका विचार करीन त्याच्या दुप्पट धनुष्य कुठे ठेवायचं यावर करीन.

चेंडूफळी

शरणागती. चहा दोनदा झाला.

गोंदियाकर

लाखेचं नाव निघालं म्हणून बोलतो, आमच्याकडे पळसावर लाख येते. चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची) आणा, पॉलिशच्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, मलमलीच्या कापडातून गाळा. पातळ ठेवा. कापसाची गुंडी जुन्या मलमलीत बांधून लांब हात फिरवायचा, एकदा गेलेल्या जागी लगेच पुन्हा जायचं नाही. अर्ध्या तासात पुढचा हात देता येतो.

धनुष्यासाठी लाख मला आवडते ती दुरुस्तीसाठी. खरचटलं तर नुसतं स्पिरिट लावलेलं कापड फिरवा, जुना थर विरघळून नव्यात मिसळतो. पीयूमध्ये हे होत नाही, तिथे घासून परत सगळं.

दोन गोष्टी सांभाळा. तयार बाटलीतलं पॉलिश किती जुनं आहे ते कळत नाही, आणि स्पिरिटमध्ये वर्षभर पडून राहिलेली लाख वाळतच नाही, चिकट राहते. काचेवर एक थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर फेका. दुसरं, दमट हवेत मारू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थर दुधाळ पांढरा पडतो. असं झालंच तर कोरड्या कडक दुपारी स्पिरिटचा हलका हात फिरवा, बहुतेक वेळा निघून जातं.

घाटपायथा

कोकणात राहता आणि काजूच्या टरफलांचं तेल आठवलं नाही? होड्यांना तेच चोपडतात. कीड नाही, वाळवी नाही, पाणी नाही.

रंगारी

घाटपायथा, होडीला कुणी गालाशी नेऊन धरत नाही. ते तेल अंगाला लागलं की फोड येतात, बिब्बा उततो तसंच. मुठीच्या, हाताच्या वस्तूला कच्चं तेल अजिबात नको.

मिशिगनमाई

काजूवरून आठवलं. आमच्या नेमबाजीच्या क्लबात एकाकडे जपानी पद्धतीचं बांबूचं लांब धनुष्य आहे. त्या धनुष्यांवर वेत गुंडाळून वर उरुशी नावाचा झाडाचा चीक देतात. उरुशीचं झाड काजू-बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि तोही कच्चा चीक अंगावर उततो. गंमत अशी की तो वाळायला दमट हवा लागते. कारागीर त्यासाठी मुद्दाम ओलसर कपाट करतात. तुमचा चिपळूणचा जुलै त्याला एकदम पसंत पडेल! जपानात उरुशीऐवजी काजूच्या टरफलांच्या तेलापासून केलेलं लॅकरही वापरतात, पण ते कारखान्यात प्रक्रिया केलेलं. पिंपातलं तेल उचलून लावू नका हो.

माझं स्वतःचं धनुष्य ओसेज ऑरेंज या अमेरिकन झाडाच्या लाकडाचं. इथे रोग उलटा. हिवाळ्यात घरात हीटर सुरू, आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली, ओठ फाटतात तशी लाकडंही. त्यामुळे मी धनुष्य गरम हवेच्या झडपेपासून लांब, तळघरात ठेवते. लेप म्हणाल तर ट्रू-ऑइल. मुळात बंदुकीच्या दस्त्यांसाठीचं, जवसाच्या तेलावर आधीच प्रक्रिया केलेलं. बोटाने थेंब थेंब चोळायचं, रात्रभर थांबायचं, परत. सहा-सात हात सहज होतात. तेलासारखं लागतं आणि व्हार्निशसारखं वाळतं.

बाकी एक सांगू का, मुलांनो? लेप देण्याआधीची घासाई लोक उरकून टाकतात. घासकागद १२०, १८०, २४० नंबरचा, मग ओल्या फडक्याने पुसायचं म्हणजे दबलेली लव उभी राहते, वाळलं की ३२० ने हलकं घासायचं. पाठीवर मात्र कागद जपून. वलय कापलं गेलं तर सगळ्या मेहनतीवर पाणी. शेवटी चमच्याच्या पाठीने किंवा काचेच्या बाटलीने दाबून चोळायचं.

धामणवेडा

माई, १८० पर्यंत झालंय. लव उभी करायचं माहीत नव्हतं, आजच करतो.

प्रयोगवही, तुमचा प्रतिसाद वाचून झोप उडाली. म्हणजे काहीही लावलं तरी ऑगस्टमध्ये बोंबच का?

आणि बेलतेल पूर्ण निकालात काढायचं? घरी डबा आहे हो.

प्रयोगवही

बेलतेल वाईट नाही, त्याच्याकडून नको ती अपेक्षा वाईट. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणून त्याला वाळणारं तेल म्हणायचं. कच्चं जवस तेल फार हळू वाळतं. डबल बॉइल्डमध्ये धातूंचे क्षार असतात, म्हणून लवकर. लाकडाचा रंग खुलवायला त्याच्यासारखं काही नाही. एक हात द्या, पंधरा मिनिटांनी सगळं कोरडं पुसून काढा, पूर्ण वाळू द्या आणि मग वर दुसरं काही. नुसत्या बेलतेलावर धनुष्य पावसाळ्यात सोडू नका.

खोबरेल, शेंगदाणा, एरंडेल यांतलं काहीही नको. ती वाळतच नाहीत. वर धूळ धरतात, पुढे कुठला थर चिकटू देत नाहीत आणि खोबरेलाला वास मारायला लागतो तो वेगळाच.

आणि ही सूचना गंमत म्हणून वाचू नका. बेलतेलाने पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप पेटू शकतं. तेल वाळताना उष्णता निघते, घडीत ती कोंडते. फडकं दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. बंद कचराकुंडीत कधीच नाही.

सातपुड्यातून

मी धडगावकडचा. आमच्याकडे तीरकामठा बांबूचा, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिपेची. पॉलिश कुणी लावताना मी पाहिलं नाही. कामठा चुलीच्या वर आडव्या वाशांत खोचलेला असतो. बाराही महिने खाली चूल, वर धूर. त्याचा रंग आपोआप गूळकाळा होतो. हाताचं तेल-तूप लागतं तेवढंच. होळीच्या वेळी बाहेर निघतो तेव्हा चकचकीत दिसतो, लोकांना वाटतं पॉलिश केलंय.

धुराने कीड लागत नाही असं जुने लोक सांगतात. बांबूला कीड हाच सगळ्यात मोठा शत्रू, आतून पोखरून पिठासारखा भुसा पडतो. आणि आमचा पाऊसही काही कमी नसतो बरं.

तुमचं चाललेलं वाचून मजा येते, पण कामठ्याला काय लावायचं हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडल्याचं आठवत नाही. कुठे ठेवायचा हे मात्र लहान पोरालाही माहीत.

प्रयोगवही

सातपुड्यातून, सगळ्या धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद तुमचा. चुलीवरची हवा बाहेरच्या हवेपेक्षा पाच-सात अंश गरम असली तरी तिची आर्द्रता कितीतरी खाली येते. बाहेर नव्वद तर वाशांत साठ-पासष्ट. म्हणजे लाकूड वीसऐवजी बारा टक्क्यांवर. कुठलाही लेप चार महिने एवढं करून दाखवणार नाही. भुशाचं म्हणाल तर तो भुंगा बांबूतल्या पिठूळ अंशावर जगतो. ताज्या, न मुरवलेल्या बांबूला तो जास्त लागतो आणि धुराला टाळतो.

धामणवेडा, तुमच्याकडे चूल नसेल, पण कपाट असेल. एक उभा कप्पा मोकळा करा आणि तळाशी जुना तारेचा बल्ब लावा, पंधरा-पंचवीस वॅटचा. एलईडी नको, तो तापत नाही. तंबोरेवाले आणि कॅमेरेवाले हेच करतात. बल्ब आणि धनुष्य यांत चांगलं हातभर अंतर आणि जाळी हवी, कपडे-कागद त्या कप्प्यात नकोत. आर्द्रतामापक आता स्वस्तात मिळतो, तो आत टांगा. काटा पन्नास-पंचावन्नच्या आसपास ठेवा. त्याहून खाली नेण्याचा उत्साह नको.

घाटपायथा

पीव्हीसी पाइप! तीन इंची, सहा फुटी, दोन्ही टोकांना टोपण, आत सिलिका जेलची पुरचुंडी. गाडीतूनही नेता येतो. काजूचं तेल माझं चुकलं असेल, हे चुकलेलं नाही.

प्रयोगवही

चांगली कल्पना, प्रवासाला तर उत्तम. फक्त सिलिका जेल बंद पाइपात जास्त झालं तर हवा पार कोरडी करतं, आणि मग माईंच्या मिशिगनचा त्रास चिपळुणात. थोडंच घाला, छोटा मापक आत टाका. आणि पाइप उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

बखरबहाद्दर

थोडं अवांतर. इंग्लंडात १५४५ साली रॉजर ॲस्कम याने धनुर्विद्येवर पुस्तक लिहिलं. त्यात सांगितलंय की मेण लावलेल्या लोकरीच्या कापडाने धनुष्य रोज चोळावं, चकाकेपर्यंत. त्याच वर्षी जुलैत ‘मेरी रोझ’ हे इंग्रज लढाऊ जहाज बुडालं. १९८२ मध्ये ते वर काढलं. त्या अवशेषांतून यू नावाच्या झाडाच्या लाकडाची १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर बाण मिळाले. समुद्राच्या गाळात, बरं का. हवा नसली की लाकूड सडत नाही. बिचाऱ्यांना कपाटातला बल्ब लागला नाही.

आपल्याकडे शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू सरसाने जोडून केलेली कमान असायची. सरस म्हणजे दमट हवेचं हक्काचं गिऱ्हाईक. शस्त्रागारात वर्षानुवर्षं टिकावीत म्हणून हिंदुस्थानात पोलादी धनुष्यंही घडवली गेली. फेक कमी, पण पावसाची भीती नाही.

चेंडूफळी

बखरबहाद्दर, इतिहासाचा वेगळा धागा काढा, तिथे मी चहा घेऊन येतो.

रंगारी

मेणाचा विषय निघालाच आहे तर. मेण सगळ्यांत शेवटी. आधी मेण चोळलं आणि मग पीयू मारला तर पीयू माशाच्या डोळ्यांसारखी भोकं सोडत पळतो. सिलिकॉनचा स्प्रे तर त्या खोलीतही नको.

आणि माझ्या टू-पॅककडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलेलं दिसतंय.

प्रयोगवही

दुर्लक्ष नाही, भीती आहे. टू-पॅकचा हार्डनर आयसोसायनेटचा. त्याला पाण्याची वाफ मिळाली की तो रंगाऐवजी तिच्याशीच लागतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे येतात. कोकणात मेअखेर गनने मारायचं म्हणजे जुगार. शिवाय त्याचा फवारा नाकात जाणं दम्याला आमंत्रण. साधा कापडी मास्क चालत नाही. तुमच्याकडे फवारणीचं बूथ असेल, धागाकर्त्याकडे गॅलरी आहे.

आणखी एक, वजन. धनुष्याच्या टोकांकडे वाढलेला प्रत्येक ग्रॅम बाणाचा वेग खातो, कारण सोडल्यावर सगळ्यांत जास्त धावतात ती टोकंच. गनने जाड बसलेला थर मुठीपाशी चालेल, टोकांशी नको.

रंगारी

बूथचं मान्य. मग वन-पॅक पीयू घ्या, तेलाच्या जातीचा, मॅट. ब्रशने नको, फडक्याने. अर्धा पीयू, अर्धं टर्पेंटाइन. जुन्या सुती बनियनचा तुकडा, पण बऱ्याच वेळा धुतलेला, नाहीतर लव सुटते. पातळ हात, रात्रभर थांबा, ४०० च्या कागदाने नुसता स्पर्श, धूळ पुसा, पुढचा हात. असे पाच-सहा. पुसून लावलेला थर पातळ बसतो, म्हणून हात जास्त. पाण्याच्या जातीचा पीयू पण मिळतो, वास नाही, पण तो लव उभी करतो आणि धामणीचा रंग फिका ठेवतो.

दोरीच्या खाचा आणि दोन्ही टोकं यांना दुप्पट हात. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात, सगळ्यात जास्त वाफ तिथूनच जाते. मुठीवर चामडं येणार म्हणून तो भाग कोरडा सोडतात लोक. तसं करू नका, चामड्याखाली घाम साठतो. दोरी चढवून कधीही पॉलिश करायचं नाही.

गोंदियाकर

पीयूच्या खाली लाखेचे दोन पातळ हात द्या. वाफ लाख अडवेल, पाणी आणि खरचटणं पीयू सोसेल. फक्त लाख मेण काढलेली हवी. साध्या चपड्यात नैसर्गिक मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही. मेण काढलेली मिळाली नाही तर भिजवलेली बाटली तीन-चार दिवस स्थिर ठेवा, मेण तळाला बसतं, वरचं नितळ तेवढं अलगद ओतून घ्या.

मिशिगनमाई

हे गोंदियाकरांचं पटलं. इथेही बरेच जण लाख खाली आणि वर तेलाचं काहीतरी असंच करतात.

धामणवेडा

लव उभी करून ३२० मारून झालं, काचेच्या बाटलीने चोळलं. नुसतं तेवढ्यानेच हात फिरवावासा वाटतो.

बेत असा: अजून ऊन आहे तोवर लाखेचे दोन हात, भर दुपारी. दोन दिवस थांबून वन-पॅक मॅट पीयू, फडक्याने, रंगारींच्या पद्धतीने. टोकांना जास्त. मग मुठीचं चामडं. वर पोळ्याचं मेण. कपाटातला कप्पा रिकामा करून घेतला आहे, घरात त्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. बेलतेलाचा डबा दाराच्या चौकटीला.

काही राहिलं?

प्रयोगवही

एक राहिलं, आणि ते फुकट आहे. सगळा लेप पूर्ण वाळला की, पण चामडं लावायच्या आधी, धनुष्य स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. चामडं लावल्यावर पुन्हा घ्या, म्हणजे पुढची तुलना त्याच्याशी. समजा ६०० ग्रॅम भरलं. नऊ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात कोरडं लाकूड साडेपाचशे, म्हणजे साडेपाच ग्रॅम वाढ म्हणजे एक टक्का पाणी. काटा दहा-बारा ग्रॅमने पुढे गेला तर कपाटात परत. पंचवीस-तीस ग्रॅमने पुढे गेला तर पूर्ण खेचूच नका, दोरीसुद्धा चढवू नका. लेप कुठला चांगला यावर आपण इतकं भांडलो, पण तुमच्या धनुष्यावर तो किती काम करतोय हे तो काटाच सांगेल. दर रविवारी एकदा पुरे.

काट्यावर ६६ इंच लांबीचं धनुष्य तोलायला मधे छोटी वाटी उपडी ठेवा, म्हणजे आकडा झाकला जात नाही. वाटीचं वजन वजा करायला विसरू नका.

रंगारी

पीयू हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नाही. नाकाला वास येतोय तोवर टर्पेंटाइन निघतंय आणि वजन खोटं येणार. आठवडाभर द्या, मग काटा.

सातपुड्यातून

आणि कपाटात भिंतीला टेकवून तिरपा उभा ठेवू नका. दोन खुंट्यांवर आडवा, दोरी उतरवून. एका टोकावर उभा ठेवलेला कामठा हळूहळू वाकडा होतो.

धामणवेडा

माझा कप्पा उभा आहे हो! आडवं कसं बसणार? एका खुंटीला वरच्या खाचेतून सैल अडकवून लोंबता ठेवला तर?

सातपुड्यातून

लोंबता चालेल. खालचं टोक कशाला टेकू देऊ नका, आणि बल्बपासून लांब.

घाटपायथा

बाणांचं काय? बोरूचे आहेत की बांबूचे? त्यांनाही हेच सगळं करायचं का?

रंगारी

बाणाला लाखेचे दोन हात, विषय संपला. पिसांच्या जागी आधी मारा, पिसं नंतर चिकटवा, पण कुठला डिंक वापरताय तो लाखेवर धरतो का ते एका तुकड्यावर बघून घ्या. बाकी बाणांसाठी वेगळा धागा काढा, इथे चारशे प्रतिसाद नकोत.

चेंडूफळी

वाचनखूण साठवली आहे. बॅटचा डबा कुठे ठेवलाय ते शोधतो, त्याचं फडकं आतच कोंबलेलं आहे बहुतेक.

प्रयोगवही

चेंडूफळी, आत्ता उठा. आत्ता. बाहेर काढून पाण्यात टाका.

चेंडूफळी

टाकलं. दगड झालं होतं वाळून.

प्रयोगवही

दगड झालं असेल तर धोका गेलेला. पुढच्या वेळी दोरीवर.